मोठ्या खात्यावर एमटीएफ घेताय? पात्रता, कागदपत्रे आणि खऱ्या मर्यादा

महामार्गाच्या भूसंपादनाचा मोबदला, आंब्याच्या हंगामाचे पैसे, मुंबईतली खोली विकून आलेली रक्कम... कोकणात हा पैसा आता नुसता पतपेढीत राहत नाही, डीमॅटमध्येही जातो. खात्यात पन्नास-साठ लाखांचे शेअर दिसू लागले की ब्रोकरकडून फोन येतो, "काका, एमटीएफ चालू करून देऊ? चारपट खरेदी करता येईल." होकार देण्याआधी हे वाचा.

एमटीएफ म्हणजे मार्जिन ट्रेडिंग फॅसिलिटी. शेअरच्या किमतीचा काही भाग (मार्जिन) तुम्ही भरता, बाकीचा ब्रोकर व्याजाने देतो आणि घेतलेले शेअर त्याच्याकडे तारण राहतात. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने १३ जून २०१७ च्या परिपत्रकात याची चौकट ठरवून दिली आहे.

आधार जोडलेले पॅन, पूर्ण झालेले केवायसी आणि स्वतःच्या नावावरचे ट्रेडिंग व डीमॅट खाते एवढे असले की अर्ज करता येतो. मुलगा दुबईला किंवा कुवेतला नोकरीला असेल, तर त्याच्या जुन्या निवासी खात्यावर ही सुविधा घेऊ नका. नोकरीसाठी परदेशी गेल्यावर ते खाते अनिवासी करून घ्यावे लागते आणि अनिवासी खात्यांना ब्रोकर एमटीएफ देत नाहीत. दापोली-खेडकडे घरोघरी असा एक तरी मुलगा असतो, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

अर्जात एमटीएफच्या 'हक्क व जबाबदाऱ्या' या दस्तावेजाला संमती द्यावी लागते. शेअर तारण ठेवण्याचे काम सोपे व्हावे म्हणून ब्रोकर डीडीपीआयवरही, म्हणजे शेअर तारण ठेवायच्या आणि विकलेले शेअर खात्यातून उचलायच्या लेखी परवानगीवरही, सही मागतो. मोठी रक्कम हवी असेल तर तो उत्पन्नाचा पुरावा मागू शकतो, आणि आपल्याकडचे बागायतदार नेमके तिथेच अडतात. शेतीचे उत्पन्न करमुक्त, त्यामुळे अनेकांकडे विवरणपत्रच नसते. अशा वेळी सहा महिन्यांचे बँक स्टेटमेंट, डीमॅट होल्डिंगचे स्टेटमेंट किंवा सीएचे नेटवर्थ (मालमत्तेतून कर्ज वजा जाता उरणारी रक्कम) प्रमाणपत्र चालते का ते विचारा. स्टेटमेंट आंब्याचे पैसे जमा झालेल्या महिन्यांचे द्या. सातबारा सामाईक असेल तर सीएला फक्त तुमच्या हिश्श्याचीच किंमत धरायला सांगा. चुलत्यांच्या वाट्याची जमीन दाखवून कर्जाची मर्यादा वाढवून घेणे सरळ चुकीचे आहे.

आता 'चारपट'चे पाहू. बाजार प्रत्येक शेअरसाठी जोखमीचे दोन टक्के ठरवतो: व्हीएआर म्हणजे नेहमीच्या चढउताराचे आणि ईएलएम म्हणजे टोकाच्या पडझडीचे. वायदे बाजारात (एफ अँड ओ) व्यवहार होणाऱ्या शेअरसाठी किमान मार्जिन म्हणजे व्हीएआर अधिक ईएलएमची तिप्पट, इतर पात्र शेअरसाठी व्हीएआर अधिक ईएलएमची पाचपट. समजा व्हीएआर १४.५ टक्के आणि ईएलएम ३.५ टक्के, तर मार्जिन २५ टक्के. तुमचे ५० लाख, खरेदी २ कोटींची, उधारी दीड कोटींची. भाव १० टक्के उतरला की शेअर १.८ कोटींचे राहतात आणि त्यात तुमचे उरतात ३० लाख. लागतात मात्र ४५ लाख (१.८ कोटींचे २५ टक्के). म्हणजे १५ लाख ताबडतोब भरा. शिवाय १२ टक्के व्याज धरले तर महिन्याला दीड लाख. हे वाईट स्वप्न नाही, ४ जून २०२४ ला निफ्टीच एका दिवसात ५.९३ टक्के पडला होता. तारण म्हणून दिलेलेही शेअरच असतील, तर त्यांचीही किंमत त्याच दिवशी घसरते.

खाते जितके मोठे, तितक्या ॲपवर न दिसणाऱ्या मर्यादा आड येतात. ब्रोकरने एमटीएफमध्ये दिलेली एकूण उधारी त्याने उसने घेतलेला पैसा अधिक त्याच्या नेटवर्थचा निम्मा भाग यापलीकडे जाऊ शकत नाही, आणि एका ग्राहकाला या एकूण मर्यादेच्या १० टक्क्यांहून जास्त देता येत नाही. ब्रोकरचे नेटवर्थ २० कोटी आणि कर्ज ४० कोटी असेल, तर एकूण ५० कोटी आणि तुम्हाला जास्तीत जास्त ५ कोटी. दुसरी मर्यादा शेअरचीच. लहान कंपनीला लोअर सर्किट (दिवसभरात भाव उतरण्याची ठरलेली मर्यादा) लागले की विकायला गेलात तरी घेणारा नसतो. भाव खाली जात राहतो, तुमची उधारी तशीच राहते.

आणि आपल्या पट्ट्यातली अडचण वेगळी. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आले तो बुधवार होता, बाजार चालू होता. श्रीवर्धन-दिवेआगरकडे त्यानंतर कित्येक दिवस वीज नव्हती. मार्जिन कमी पडल्याचा निरोप अशा वेळी पोचणार कसा? म्हणून किती टक्क्यांवर आणि किती वेळात शेअर विकले जातील हे ब्रोकरकडून लेखी घ्या. कोणत्या परिस्थितीत विक्री होईल हे आधी सांगणे त्याला बंधनकारक आहे. माझे मत विचाराल तर उधारी तेवढीच घ्या, जिचे मार्जिन बँकेतल्या रोख पैशातून त्याच दिवशी भरता येईल. दीड कोटी मिळतात म्हणून दीड कोटी उचलू नका. पासवर्ड आणि ओटीपी ब्रोकरच्या प्रतिनिधीला देऊ नका, तो गावातला असला तरी.

सुविधा बंद करताना उधारी फेडून अनप्लेजची, म्हणजे शेअर तारणातून सोडवण्याची, विनंती टाका आणि शेअर मोकळे झाले का ते डिपॉझिटरीच्या (तुमचे शेअर सांभाळणाऱ्या सीडीएसएल किंवा एनएसडीएलच्या) स्टेटमेंटवर पाहा, ब्रोकरच्या ॲपवर नव्हे. अडवणूक झाली तर आधी ब्रोकरकडे लेखी तक्रार, आणि दाद लागली नाही तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रार पोर्टलवर.