दप्तरातली ‘झुडपी’ आणि रुईवरची अळी

कीटक आणि वनस्पतींचं नातं अभ्यासणारा माणूस नागपूरच्या आसपास वाघाच्या जंगलातच भेटेल असं नाही. पुष्कळदा तो मुरमाड, उघड्या जमिनीवर उकिडवा बसून रुईचं पान उलटून पाहत असतो. बोर, हिवर, तरोटा, रुई वाढलेली ही जमीन महसुली दप्तरात ‘झुडपी जंगल’ म्हणून नोंदलेली असते. लोक तिला पडीत म्हणतात.

इथल्या कीटक-अभ्यासाची सुरुवात दगडातून झाली. १८४५ मध्ये नागपुरात आलेले पाद्री स्टीफन हिस्लॉप आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना तेव्हा गावाबाहेर असलेल्या टाकळीत, लाव्हाच्या थरांमध्ये दबलेल्या गाळात, बिया, फळं आणि कीटकांचे जीवाश्म मिळाले. वय साधारण साडेसहा कोटी वर्षं. किडा आणि त्याच्या काळातलं झाड एकाच थरात! त्या कीटकांचं वर्णन अँड्र्यू मरे यांनी १८६० मध्ये छापलं. १८६३ मध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना हिस्लॉप ओढ्याच्या पुरात बुडाले. त्यांच्या नावाचं कॉलेज शहरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांचे किडे फारसे कुणाला नाहीत.

त्यानंतर कापसामुळे इथे किड्याची कीड झाली. १९७६ मध्ये केंद्रीय कापूस संशोधन संस्था नागपुरात आली, आणि किडा म्हणजे बोंडअळी हे समीकरण पक्कं झालं. ते चुकीचं होतं असं म्हणवत नाही: २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने विदर्भातली बोंडं पोखरली, तेव्हा घरोघरचा हिशेब कोलमडला. मात्र या नजरेत बांधापलीकडची झुडपं फक्त किडीचा आसरा ठरतात. त्यातही तथ्य आहे, कारण कापसावरचा मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, गाजरगवतावर आणि पेटारीवरही पोसतो. पण किडीला खाणारे, तिच्या अंड्यांत आपली अंडी घालणारे बारीक किडेही अशाच झुडपांत तग धरतात.

आता त्या नोंदीकडे. मध्य प्रांतात गावाच्या सामाईक वापराला निस्तार म्हणत. गुरं चारायची, काटक्या आणायच्या, पण ज्यावर मोठं झाड धरत नाही, अशी जमीन ‘झुडपी’ म्हणून लिहिली गेली. पश्चिम महाराष्ट्रातलं गायरान म्हणा हवं तर. १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला, नोंदी तशाच आल्या. वनजमीन दुसऱ्या कामाला वापरण्यावर बंधन घालणाऱ्या १९८० च्या वनसंवर्धन कायद्याने प्रश्न उभा केला की हे जंगल आहे की नाही? सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशाने दप्तरात ‘जंगल’ लिहिलेलं सगळं वन ठरवलं. तोवर अशा जमिनींवर घरं, शाळा, कचेऱ्या, स्मशानभूमीसुद्धा उभ्या होत्या. पूर्व विदर्भातली ८६,४०९ हेक्टर झुडपी जमीन सरकारने वनव्यवस्थापनाला अयोग्य मानली होती.

अयोग्य कशासाठी? सागवानासाठी. बिबळ्या कडवा फुलपाखराला सागवान नको, रुई हवी. त्याची अळी रुईचं विषारी पान खाते आणि ते विष अंगात साठवते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. तरोट्याची पानं आणखी वेगळ्या अळ्या खातात. शेणकिड्यांना चरणारी गुरं लागतात, जमिनीत घर करणाऱ्या एकांड्या मधमाश्यांना उघडा मुरूम. त्या मुरमावर दाट सावली पडली की त्यांचं बिऱ्हाड उठलंच.

२२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने झुडपी जमिनी वन मानल्या. १९९६ च्या त्या आदेशाआधी घरं, शाळा, कचेऱ्यांसाठी दिलेल्या जागांना दिलासा दिला. जंगलाला न लागलेले तीन हेक्टरांखालचे तुकडे संरक्षित वन जाहीर करण्याचा विचार करायला सांगितलं. अभ्यासकाच्या दृष्टीने हे तुकडे लाखमोलाचे आहेत, कारण अळीला एका रुईवरून दुसरीकडे पोचायला मैलभर अंतर परवडत नाही. शिवाय पर्यायी वनीकरणासाठी, म्हणजे प्रकल्पात गेलेल्या जंगलाच्या बदल्यात झाडं लावण्यासाठी, ही जमीन वापरायची असेल तर वनेतर जमीन शिल्लक नाही असं मुख्य सचिवांचं प्रमाणपत्र लागेल.

ही शेवटची अट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. वनीकरण म्हणजे आपल्याकडे खड्डे आणि रोपं, आणि खड्डा खणायच्या आधी उपटली जाते ती रुई.