सिनॉप्सिसच्या रकान्यांचा मागोवा

‘बेअरिंगमधील बिघाडांचा अभ्यास.’ एम.टेक.च्या सिनॉप्सिसवरचं, म्हणजे प्रबंधाआधी द्यायच्या संशोधन-प्रस्तावावरचं, हे शीर्षक मी आजवर किती वेळा खोडलं, ते मोजलेलं नाही. तिसरं सेमिस्टर सुरू झालं की पुण्यातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांत गाईडच्या केबिनबाहेर हातात स्पायरल घेतलेली मुलं दिसू लागतात. बेअरिंग कोणतं? दोष आतल्या रिंगमध्ये की बाहेरच्या? लोड किती, आरपीएम किती? एवढं विचारून होईस्तोवर शीर्षक दोन ओळींचं झालेलं असतं आणि समोरचा चेहरा उतरलेला. ‘सर, फॉरमॅटमध्ये एवढं नाहीये.’

खरंय, फॉरमॅटमध्ये नुसते रकाने असतात. प्रस्तावना, लिटरेचर सर्व्हे, रिसर्च गॅप (आधीच्यांकडून राहून गेलेलं), ऑब्जेक्टिव्ह, मेथडॉलॉजी, वेळापत्रक, संदर्भ. ते कुणी एका बैठकीत आखलेले नाहीत. कुठला जर्मनीतून आला, कुठला अमेरिकेतून, आणि ते यायच्या कितीतरी आधी पुण्यात प्रस्ताव मांडायची एक वेगळीच रीत पक्की झाली होती.

१८५४ साली इथं ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ निघालं ते बांधकाम खात्याला हाताखालची माणसं पुरवण्यासाठी. संशोधन कुणाच्या गावीही नव्हतं. हीच संस्था पुढे कॉलेज ऑफ सायन्स झाली, १९११ मध्ये इंजिनिअरिंग कॉलेज झाली. आजची सीओईपी ती हीच. तिथून बाहेर पडणाऱ्याला एक गोष्ट मात्र चोख यावी लागे: एस्टिमेट. काम का हवं, कुठं, माल किती, दर काय. मग प्रशासकीय मान्यता, मग तांत्रिक मान्यता, आणि त्यानंतरच कुदळ. सिनॉप्सिसवर आज गाईडची आणि विभागप्रमुखाची सही लागते, तेव्हा मला हमखास या दोन मान्यता आठवतात.

याच कॉलेजातून १८८३ मध्ये उत्तीर्ण झालेले विश्वेश्वरय्या पुढे खडकवासल्याला आले. पावसाळ्यात तलाव भरला की जादा पाणी सांडव्यावरून वाहून जायचं. धरणाची भिंत न वाढवता ते अडवायचं कसं? त्यांनी सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले. पाणी ठरावीक पातळीला पोचलं की दरवाजे आपोआप उघडतात, उतरलं की मिटतात. १९०३ साली ते बसले आणि त्याचं पेटंटही घेतलं गेलं. आजच्या फॉरमॅटमध्ये हे टाकून बघा: गॅप एका वाक्यात, ऑब्जेक्टिव्ह एका वाक्यात, आणि काम जमलं की फसलं हे पुढच्या पावसाळ्यात कुणालाही दिसेल असं. इतका नेटका सिनॉप्सिस माझ्या टेबलावर क्वचितच येतो.

१९१६ मध्ये मुंबई इलाख्यानं सिंचनासाठी एक खास विभाग काढला. खडकवासल्याचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र हा त्याचाच वारसा. पुणे विद्यापीठ स्थापन झालं १९४९ साली. म्हणजे पुण्यात अभियांत्रिकी संशोधन आधी खात्यात रुजलं, पदवीसाठीचं संशोधन मागून आलं. खात्यातला प्रश्न एखाद्या नदीचा, बंदराचा किंवा धरणाचा असतो, त्याची कुणीतरी वाट पाहत असतं. पदवीचा प्रश्न विद्यार्थ्याला स्वतः शोधावा लागतो, आणि घोडं तिथंच अडतं.

प्रबंधाचा रिवाज मुळात जर्मन विद्यापीठांचा. पण तिथंही इंजिनिअरांना बराच काळ उंबऱ्याबाहेर ठेवलं होतं. तांत्रिक शाळांना डॉक्टरेट द्यायचा हक्क मिळाला तो १८९९ मध्ये, कैसरच्या हुकमानं. ‘आधी इतरांनी काय केलं ते सांगा, मग तुमचं नवीन’ ही शिस्त तिथली. वेळापत्रकाच्या आडव्या पट्ट्या हेन्री गँट या अमेरिकन इंजिनिअरच्या नावानं ओळखल्या जातात. १९१०च्या दशकात कारखान्यातलं काम आखण्यासाठी त्यानं त्या रूढ केल्या. (त्या पट्ट्यांप्रमाणे लिटरेचर सर्व्हे दोन महिन्यांत संपवलेला विद्यार्थी मी अजून पाहिलेला नाही.)

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत सरकारी पैसा विद्यापीठांकडे वळला, १९५० मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशन निघालं आणि पैसे मागण्यासाठी प्रस्ताव लिहिणं हे एक कसबच होऊन बसलं. त्यातली सर्वांत कामाची देणगी जॉर्ज हाइलमायरची. एलसीडीवरच्या कामासाठी गाजलेला हा इंजिनिअर १९७०च्या दशकात तिथल्या संरक्षण संशोधन संस्थेचा, डार्पाचा, संचालक झाला. प्रस्ताव घेऊन येणाऱ्याला तो ठरलेले प्रश्न विचारायचा. काय करायचंय ते जड शब्द न वापरता सांगा. आज ते कसं करतात आणि कुठं अडतं? तुमच्यात नवीन काय? जमलं तर कुणाला फरक पडेल? धोका काय? वेळ आणि पैसा किती? जमतंय की नाही हे मध्येच कसं कळेल? आपल्या फॉरमॅटमध्ये धोक्याचा रकानाच नसतो, आणि माझ्या मते उणीव असेल तर ती हीच.

अमेरिकेत आणखी एक फाटा फुटला. १९५५च्या ग्रिंटर अहवालानंतर इंजिनिअरिंगचा अभ्यासक्रम विज्ञानाकडे झुकला आणि हातातलं, शॉप फ्लोअरवरचं शिक्षण ‘इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी’ या वेगळ्या पदव्यांकडे गेलं. पुण्यात अशी भिंत नाही. डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेला मुलगा इथं एम.टेक.ला त्याच बाकावर बसतो. भोसरी-चाकणच्या कंपनीचं स्पॉन्सरशिप लेटरही बहुधा तोच आणतो.

नव्यातला नवा रकाना साम्य-तपासणीचा, म्हणजे मजकूर दुसरीकडून उचललेला नाही ना, हे पाहण्याचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, ६०च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते.

आता पुन्हा बेअरिंगकडे. यावरच्या बहुतेक सिनॉप्सिसमध्ये डेटा एकच असतो: क्लीव्हलँडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठानं सगळ्यांसाठी खुला ठेवलेला, ६२०५ नंबरच्या बेअरिंगच्या कंपनांचा. दोष स्पार्क मशीनवर मुद्दाम कोरलेले, सर्वांत बारीक सात थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). फुकट, स्वच्छ, घरबसल्या. तशीच बेअरिंग चिंचवडला बनतात, याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

एकदा एक मुलगा, डिप्लोमावालाच, मेंटेनन्सवाल्या मामाकडून सात झिजलेली बेअरिंग प्लॅस्टिकच्या पिशवीत घेऊन आला. टेबलभर ग्रीस. त्यानं एक हातात धरून फिरवलं, खरखर ऐकवली आणि म्हणाला, ‘सर, हा दोष कोरलेला नाही. क्लीव्हलँडच्या डेटावर दोष ओळखायला शिकवलेलं कॉम्प्युटर मॉडेल याला ओळखेल का?’ धोका काय, असं मी विचारलं. ही बेअरिंग किती तास चालली याची नोंद कुणाकडेच नाही, हे त्यानं आपणहून सांगितलं. त्या दिवशी लाल पेन उघडावं लागलं ते फक्त शीर्षकातला ‘अभ्यास’ हा शब्द खोडायला.