आगीचा चावीवाला

एलपीजीच्या टाकीखाली पाइपाचा जोड सुटला आहे आणि तिथून माणसाच्या दुप्पट उंचीची ज्वाळा फुरफुरत बाहेर पडते आहे. तिच्या दिशेने सात जण निघाले आहेत: पाण्याच्या दोन होजवर (जाड नळ्यांवर) तीन-तीन आणि मधोमध टीम लीडर. दोन्ही नोझलमधून पाण्याची रुंद छत्री उघडलेली आहे. या छत्र्यांच्या कडा एकमेकींवर चढलेल्या हव्यात; मधे वीतभर फट राहिली तरी जाळ तिथून आत घुसतो. लीडरचे हात दोन्ही नोझलवाल्यांच्या खांद्यांवर आहेत, कारण गॅसच्या आवाजात हाक नीट ऐकू येत नाही. पाऊल उचलायचं नाही, सरकवायचं. ओल्या काँक्रीटवर एक जण घसरला तर छत्री फाटते. व्हॉल्व्हपाशी पोहोचल्यावर लीडर पाण्याच्या पडद्याआडून हात घालतो, चाक फिरवतो, आणि ज्वाळा बुटकी होत होत विझते. मग माघार, तीही तोंड आगीकडेच ठेवून, उलट्या पावलांनी.

तेल शुद्धीकरण कारखाने, गॅस भरण्याचे प्लांट, रासायनिक कारखाने इथल्या अग्निशामकांना हा सराव करावाच लागतो. घरातली आग दिसली की विझवायची, हे आपल्याला माहीत असतं. इथे मात्र व्हॉल्व्ह बंद होईपर्यंत ज्योत विझवायचीच नसते. एलपीजीची वाफ हवेपेक्षा जड असते. एक लिटर द्रवापासून सुमारे अडीचशे लिटर वायू तयार होतो आणि तो जमिनीलगत, गटारातून, खड्ड्यांतून दूरवर सरपटत जातो. जळणारा गॅस निदान डोळ्यांसमोर असतो. न जळलेला कुठवर पोहोचला हे कळत नाही, आणि त्याला ठिणगी मिळाली की अख्खा ढग एकदम पेटतो. २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरच्या सीतापुरा भागातल्या तेल डेपोत नेमकं हेच झालं. व्हॉल्व्हवर काम चालू असताना पेट्रोल उसळलं, वाफेने तिथले कर्मचारी गुदमरले, बंद करायला जवळ जाणं कुणाला जमेना. तासाभराहून अधिक काळ पेट्रोल वाहत राहिलं, वाफ पसरत राहिली, आणि मग स्फोट. ११ जण गेले. टाक्या पुढे अकरा दिवस जळत होत्या.

आता पुन्हा त्या सात जणांकडे येऊ. त्यांच्यापुढची आग खरी आहे, तिची धग खरी आहे. पण मैदानाच्या कडेला, वारा येतो त्या अंगाला एक माणूस उभा आहे, जो आगीकडे एकदाही जाणार नाही. त्याचा हात इंधनाच्या कंट्रोलवर आहे. चांगल्या सराव-मैदानांवर हा कंट्रोल दाबून धरावा लागतो. हात सुटला, माणूस चक्कर येऊन पडला, घाबरून मागे सरला, तरी गॅस आपोआप बंद होतो. आपल्या गावा-शहरांत पाणी सोडणारा चावीवाला असतो, तसा हा आगीचा चावीवाला. माझ्या मते त्या मैदानावरचा सर्वांत महत्त्वाचा माणूस तोच. कारखान्यातल्या आगीत आणि सरावाच्या आगीत जो फरक आहे तो त्याच्या मुठीत आहे.

म्हणून त्याच्यासाठीचे नियमही कडक असतात. शेवटचा माणूस त्याला दिसलाच पाहिजे. वारा फिरून धूर आड आला आणि एकही जण दिसेनासा झाला, तर विचारत बसायचं नाही, हात उचलायचा. त्याला दुसरं काम सांगायचं नाही. फोटो काढ, पंपाकडे जरा बघ, असलं काहीही नाही. सेफ्टी ऑफिसरचंही तसंच. तो शिकवत नाही, नोझल धरत नाही, फक्त पाहतो, आणि त्याने थांबा म्हटलं की मुख्य प्रशिक्षकालाही थांबावं लागतं. अर्थात चावीवाला गॅस बंद करतो, तापलेलं लोखंड गार करू शकत नाही. खड्ड्यात साचलेलं इंधन चावी फिरवल्यावरही काही काळ जळत राहतं. त्यासाठी दुसऱ्या पंपावर, पाण्याच्या वेगळ्या स्रोतावर, एक जादा होज माणसांसकट तयार ठेवतात. एक पंप बंद पडला तर छत्री मिटते, आणि आगीपासून चार पावलांवर छत्री मिटणं म्हणजे काय हे सांगायला नको.

आता धगीचं गणित. भर दुपारी उन्हातून आपल्या अंगावर दर चौरस मीटरला साधारण एक किलोवॉट उष्णता पडते. हीच पाच किलोवॉटच्या आसपास गेली तर उघड्या कातडीला काही सेकंदांत वेदना होतात, अर्ध्या मिनिटात फोड येतात. त्वचेचं तापमान ४४ अंश सेल्सिअसला पोहोचलं की दुखू लागतं, ५५ च्या सुमारास फोड येतात. म्हणजे 'दुखतंय' आणि 'भाजलंय' यांत फक्त अकरा अंशांचं अंतर आहे. फायर सूट उष्णता अडवतो असं आपण म्हणतो. खरं तर तो तिला उशीर करतो. बाहेरचं कापड, मधला पाणी रोखणारा थर, आतलं अस्तर, आणि या थरांमधली हवा. ही हवाच खरं संरक्षण. जवान आगीसमोरून बाहेर येतो, बरं वाटतं, आणि तो दमून उकिडवा बसतो. गुडघ्यावरचं कापड ताणलं जातं, मधली हवा निघून जाते, आणि कापडात साठलेली उष्णता थेट कातडीला भिडते. आगीत न भाजलेला माणूस आगीबाहेर भाजतो. प्रशिक्षक 'लगेच बसू नका' म्हणून ओरडतो तेव्हा तो शिस्तीसाठी ओरडत नसतो.

शरीराच्या आतही बरंच काही घडतं. एडिनबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी धडधाकट, धूम्रपान न करणाऱ्या १९ अग्निशामकांना सरावाच्या आगीत पाठवून तपासलं. निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. शरीराचं आतलं तापमान जवळपास एक अंशाने चढलं होतं, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढली होती, रक्तवाहिन्या नीट सैलावत नव्हत्या. हृदयविकाराच्या झटक्याला लागतं ते हेच सगळं. आपल्याकडे अग्निशमन सेवा सप्ताह १४ एप्रिलपासून असतो; १९४४ साली मुंबईच्या गोदीतल्या स्फोटात गेलेल्या ६६ अग्निशामकांच्या स्मरणार्थ. त्या आठवड्यात कारखान्याकारखान्यांत प्रात्यक्षिकं होतात, एप्रिलच्या उन्हात, अनेकदा दुपारी. सकाळी लवकर घ्या, प्रत्येक फेरीनंतर सूट काढून सावलीत बसवा, पाणी द्या, नाडी पाहा, रुग्णवाहिका फाटकाबाहेर नको, मैदानावर हवी. हे हात जोडून सांगावंसं वाटतं.

आणखी एक गोष्ट हात जोडून. अर्ध्या कापलेल्या पिंपात डिझेल, वर थोडं पेट्रोल, काडी, आणि कामगारांनी पावडरचा सिलिंडर मारून ते विझवायचं, हा प्रकार सगळीकडे चालतो. पहिली फेरी ठीक जाते. दुसऱ्या फेरीला पिंप तापलेलं असतं. कुणीतरी कॅन घेऊन येतो आणि त्यात पुन्हा इंधन ओतू लागतो. पेट्रोलची वाफ उणे ४० अंशांच्या आसपासही पेट घेऊ शकते. तापलेल्या पत्र्यावर तर डिझेलचीही वाफ झपाट्याने होते. कुठेतरी एक निखारा उरलेला असतो, आणि जाळ धार पकडून कॅनपर्यंत, कॅन धरलेल्या हातापर्यंत येतो. पिंप हाताला गार लागेपर्यंत थांबायचं, इंधनाचा साठा लांब ठेवायचा, पेटत्या किंवा नुकत्या विझलेल्या पिंपात कधीही ओतायचं नाही. यात चावीवाला नसतो, हाच या प्रकारातला सगळ्यात मोठा दोष.

हे नियम कुणी टेबलाशी बसून रचलेले नाहीत. जानेवारी १९८२ मध्ये अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर इथे सरावासाठी पेटवलेल्या इमारतीत दोन अग्निशामक गेले. त्यानंतर १९८६ साली तिथल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने सरावाच्या आगीसाठी एनएफपीए १४०३ हे मानक काढलं. पाच शिकाऊंमागे किमान एक प्रशिक्षक, आधी सगळ्यांना जागा फिरवून दाखवणं, बाहेर पडण्याचा इशारा ठरवणं, अडकलेल्या माणसाच्या जागी जिवंत माणूस कधीही न ठेवणं. शेवटचा नियम २००१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या लेअर्ड्सव्हिलमध्ये मोडला गेला. १९ वर्षांच्या एका स्वयंसेवकाला 'जखमी' म्हणून वरच्या मजल्यावर ठेवलं होतं. खऱ्या आगीत श्वसनाचा बीए सेट (पाठीवरचा हवेचा सिलिंडर आणि मुखवटा) घालण्याची त्याची पहिलीच वेळ. खाली फोमचा सोफा पेटवला गेला, धूर आणि जाळ जिन्याने वर गेला. तो मुलगा वाचला नाही, आणि सराव घेणाऱ्या अधिकाऱ्याला कोर्टाने दोषी ठरवलं.

काय जाळतो, यावरही बरंच ठरतं. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यातल्या फिस्कव्हिल प्रशिक्षण केंद्रात अनेक वर्षं कारखान्यांकडून आलेल्या टाकाऊ रसायनांची पिंपं सरावासाठी जाळली गेली. त्यांत नेमकं काय आहे हे जाळणाऱ्यांना धड माहीत नसायचं. अग्निशामक फोममधली फ्लोरिनयुक्त रसायनंही तिथल्या पाण्यात उतरली. २०१५ मध्ये ते केंद्र बंद करावं लागलं. २०२२ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने अग्निशामकाचं कामच कर्करोगकारक ठरवलं, त्या यादीतल्या पहिल्या, म्हणजे पुरावा पक्का असलेल्या गटात. म्हणून आता नुसत्या सरावासाठी फ्लोरिनविरहित फोम वापरतात, मैदानाचं पाणी गटारात न सोडता साठवतात, आणि काजळीने माखलेला सूट मैदानावरच धुवून वेगळ्या पिशवीत भरतात. तो घरी नेऊन लेकरांच्या कपड्यांशेजारी टांगायचा नाही.

सराव संपतो तो ज्वाळा विझली तेव्हा नाही. आधी शिट्टी, मग सगळे एका जागी, मग नावानिशी हजेरी. सातच्या सात बोलले की चावीवाला मुख्य व्हॉल्व्ह बंद करतो, पाइपात उरलेला गॅस जळून जाऊ देतो, चाकाला साखळी घालून कुलूप लावतो आणि किल्ली सेफ्टी ऑफिसरच्या हातात देतो.