टॉवर फुल्ल, कॉल मात्र लागेना

मोबाइलवर टॉवरच्या सगळ्या कांड्या दिसतात, तरी कॉल लागत नाही. मग गच्चीवरच्या अँटेनाला शिव्या बसतात. पण तो ठणठणीत असू शकतो. ‘हा नंबर कुठे आहे, रिंग द्या, लाइन सोडा’ हे निरोप वाहणारा टेलिफोन एक्स्चेंजमधला सिग्नलिंग बोर्ड (सर्किटची पाटी) बंद पडला, तरी हेच घडतं. टू-जीचे कॉल, एसएमएस, रोमिंग यांचे निरोप आजही एसएस-सेव्हन या जुन्या सिग्नलिंग पद्धतीने जातात.

म्हणून बोर्ड दोन लावतात. एक बोर्ड ९९.९ टक्के वेळ चालत असेल, तर वर्षात पावणेनऊ तास बंद. दोघांचे बिघाड परस्परांशी निगडित नसतील, तर दोन्ही एकदम बंद असण्याचा काळ वर्षाला जेमतेम अर्धा मिनिट. सगळी गोम त्या ‘नसतील तर’मध्ये आहे.

बोर्ड वेगळ्या चॅसीत (म्हणजे बोर्ड खोचायच्या खोक्यात), वेगळ्या वीजपुरवठ्यावर हवेत. लिंकसेटमधल्या, म्हणजे दोन एक्स्चेंजमध्ये निरोप वाहणाऱ्या जोडण्यांच्या गटातल्या, लिंक (कमाल १६, सहसा ६४ केबीपीएसच्या) दोघांवर निम्म्या-निम्म्या. प्रत्येकीवर भार ४० टक्क्यांच्या आत, कारण जोडीदार गेला की तो ८० होतो. दोन बोर्डांमधली इथरनेट केबल थेट टाकावी आणि तीही दुहेरी. मध्ये एकच स्विच असला आणि तो बसला, तर दोघांनाही दुसरा मेला असं वाटतं आणि दोघेही स्वतःला मुख्य समजू लागतात.

खरी गंमत चेंजओव्हरची, म्हणजे तुटलेल्या लिंकचे निरोप दुसऱ्या लिंकवर वळवण्याची. प्रत्येक निरोपाला ० ते १२७ मधला क्रमांक असतो आणि पोच येईपर्यंत त्याची प्रत बफरमध्ये (तात्पुरत्या साठवणीत) राहते. लिंक तुटली की पलीकडचा दुसऱ्या लिंकवरून कळवतो, ‘तुझा ५७ पर्यंत मिळाला.’ इकडून ५८ पासूनचे निरोप बफरमधून काढून, क्रम न मोडता, त्या दुसऱ्या लिंकवर चढवतात. पण बोर्डच मेला तर त्याचा बफरही गेला, शेवटचा क्रमांकही गेला. मग आणीबाणीचा चेंजओव्हर होतो: जुनं सोडून द्यायचं, नव्यापासून सुरुवात.

सॉफ्टवेअर मात्र दोन्हीकडे एकच असतं. १५ जानेवारी १९९० रोजी एटी अँड टी या अमेरिकन टेलिफोन कंपनीची ११४ एक्स्चेंज सुमारे नऊ तास कोलमडत राहिली. चूक सावरण्याच्याच कोडमध्ये होती, त्यामुळे सावरलेलं एक्स्चेंज शेजाऱ्याला पाडत होतं. ‘स्वतःला दुरुस्त करणारं नेटवर्क’ विकायला येणाऱ्यांना हा किस्सा जरूर विचारावा.

मुंबईत आणखी एक भानगड: दोन्ही ई-वन (या लिंक वाहून नेणाऱ्या लाइनी) एकाच चरातून गेल्या, तर रस्ता खोदणारा एक जेसीबी पुरतो. एक पश्चिम द्रुतगती मार्गाने, दुसरी लिंक रोडने न्यावी. खंडेनवमीला रॅकला हार खुशाल घाला, फक्त हवेच्या जाळीवर नको.

हिरव्या दिव्यावर विसंबू नये. रात्री कमी वर्दळीत, कॉल चालू असताना, एक बोर्ड खरोखर उपसून बघावा. परत बसवल्यावर लिंक लगेच उठली नाही तर पुन्हा उपसू नका: लिंक वापरात घेण्याआधीची नेहमीची चाचणी ८.२ सेकंदांची असते, आणि तेवढ्यात चार चुका झाल्या की ती पहिल्यापासून सुरू होते.