कार्डावरील अनोळखी व्यवहार आणि नुकसानीची जबाबदारी : पार्श्वभूमी

कार्डावर किंवा खात्यावर ग्राहकाने न केलेला व्यवहार उमटला, तर त्याचे नुकसान कोणी, किती आणि कोणत्या मुदतीत सोसायचे, हे देशाच्या मध्यवर्ती बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने तपशीलवार ठरवून दिले. त्याआधी हा प्रश्न बहुतांशी कार्डासोबत येणाऱ्या बारीक अक्षरांतील अटींवर सोडलेला होता. त्या अटी बँकांनीच लिहिलेल्या असल्यामुळे, कार्ड हरवल्याची खबर नोंदवली जाईपर्यंतचा भार बहुधा कार्डधारकावर पडत असे. आज विवरणपत्रात अनोळखी रक्कम दिसताच जो वाद सुरू होतो, त्याचे मूळ या उशिरात आहे.

भारतात सुरक्षेचे उपाय आधी आले आणि नुकसानीची वाटणी नंतर ठरली; अमेरिकेत हा क्रम नेमका उलटा होता. तेथे एका बँकेने १९५८ मध्ये फ्रेस्नो शहरातील रहिवाशांना, कोणी मागणी केलेली नसताना, सुमारे ६० हजार कार्डे टपालाने पाठवली. पुढे अशा वाटपाची साथच आली आणि टपालातून चोरीला गेलेल्या कार्डांवरील खर्चाची बिले लोकांच्या नावे निघू लागली. १९७० मध्ये न मागता कार्ड पाठवण्यावर बंदी आली आणि अनधिकृत वापराबद्दल कार्डधारकाचे दायित्व ५० डॉलरपुरते मर्यादित झाले. १९७४ च्या कायद्याने बिलातील चुकीविरुद्ध ६० दिवसांत लेखी तक्रार करण्याचा हक्क दिला. ही वाटणी आधी झाल्यामुळे चोरीचा फटका प्रामुख्याने बँका आणि व्यापाऱ्यांना बसू लागला, आणि सुरक्षेवर खर्च करण्यात त्यांचेच हित निर्माण झाले.

भारतात आधी सुरक्षा आली आणि दायित्वाचा विचार आठ वर्षांनी झाला. फेब्रुवारी २००९ च्या आदेशानुसार त्या वर्षीच्या १ ऑगस्टपासून देशांतर्गत ऑनलाइन कार्डव्यवहारांना अतिरिक्त पडताळणी, म्हणजे पासवर्ड किंवा ओटीपी, सक्तीची झाली. २०११ मध्ये प्रत्येक कार्डव्यवहाराचा संदेश ग्राहकाला पाठवणे बंधनकारक झाले, २०१३ च्या अखेरीस दुकानातील डेबिट कार्डाला पिन आला आणि चुंबकीय पट्टीची कार्डे बदलून चिपची कार्डे देण्यासाठी २०१८ ची अखेर ही मुदत ठरली. यातील प्रत्येक पाऊल योग्यच होते. अनेक देशांच्या आधी आपण ते टाकले, हेही खरे. परंतु नुकसान कोणाचे हे न ठरवता कुलूप बसवले गेल्यामुळे, कुलूप उघडले गेले म्हणजे ते मालकानेच उघडले, असे मानण्याची सवय बँकांच्या तक्रार विभागांना लागली.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये दायित्वाच्या नियमांचा मसुदा आला. त्यानंतर दोनच महिन्यांनी सुमारे ३२ लाख डेबिट कार्डांची माहिती धोक्यात आल्याचे उघड झाले. त्यात ग्राहकांचा काहीही दोष नव्हता, आणि मसुद्याची निकड यापेक्षा स्पष्टपणे दिसणे कठीण होते. अंतिम परिपत्रकाने तीन परिस्थिती वेगळ्या केल्या. बँकेची त्रुटी असेल, तर ग्राहकाने कळवले असो वा नसो, त्याचे दायित्व शून्य. दोष बँकेचाही नाही आणि ग्राहकाचाही नाही, तर यंत्रणेत अन्यत्र आहे, अशा वेळी संदेश मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास शून्य. चार ते सात दिवसांत कळवल्यास मर्यादित, म्हणजे पाच लाखांपर्यंत मर्यादा असलेल्या क्रेडिट कार्डासाठी प्रत्येक व्यवहारामागे जास्तीत जास्त १० हजार आणि त्यावरील कार्डासाठी २५ हजार रुपये. त्यानंतरचा निर्णय बँकेच्या संचालक मंडळाच्या धोरणावर. संदेश मिळाल्याचा दिवस या मोजणीत धरला जात नाही, ही बाब अनेक ग्राहकांना आजही ठाऊक नसते आणि त्यापायी त्यांचा हक्क बुडू शकतो.

तिसरी परिस्थिती ग्राहकाच्या निष्काळजीपणाची, आणि सारा वाद तेथेच साठलेला आहे. ग्राहकाने स्वतःची गुप्त माहिती दुसऱ्याला दिल्यासारख्या निष्काळजीपणामुळे नुकसान झाले, तर तो बँकेला कळवेपर्यंतचे संपूर्ण नुकसान त्याचे, असे हे कलम सांगते. येथे वरची मर्यादा नाही. पण निष्काळजीपणा कशाला म्हणायचे, याची सविस्तर व्याख्याही नाही. गुप्त माहिती दुसऱ्याला देणे, हे एकच उदाहरण त्यात आहे. बँकेचा अधिकारी असल्याची बतावणी करणाऱ्याला घाबरून ओटीपी सांगणारा वृद्ध खातेदार, खोट्या संकेतस्थळावर तो टाकणारा खरेदीदार आणि ज्याच्या नकळत दुसऱ्याच्या हाती गेलेल्या सिमकार्डावर तो पोहोचला असा ग्राहक, या तिघांची वर्तणूक अगदी वेगळी आहे. तरीही व्यवहाराच्या नोंदीत तिघांसमोर एकच शब्द येतो, की ओटीपी बरोबर टाकला गेला. त्या एका नोंदीवर तक्रार फेटाळणे म्हणजे पडताळणीची नोंद आणि ग्राहकाची संमती यांना एकच मानणे होय, आणि परिपत्रकाचा तसा हेतू दिसत नाही. कारण त्याच परिपत्रकात ग्राहकाचे दायित्व सिद्ध करण्याचा भार बँकेवर असल्याचे स्वतंत्रपणे लिहिले आहे, आणि ग्राहक निष्काळजी असला तरीही त्याचे दायित्व माफ करण्याची मुभा बँकेला दिली आहे. हे दोन परिच्छेद तक्रारीच्या उत्तरांत क्वचितच उद्धृत होतात.

न्यायालयांनी मात्र सिद्धतेच्या भाराकडे गांभीर्याने पाहिले. २०१९ मध्ये एका उच्च न्यायालयाने, ग्राहकाने मोबाइलवरील संदेशांना उत्तर दिले नाही एवढ्यावरून बँक मोकळी होत नाही, असे स्पष्ट केले. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सुमारे ९४ हजार रुपयांच्या प्रकरणात बँकेचे दायित्व कायम ठेवले. तेथील ग्राहकाने चोवीस तासांच्या आत तक्रार केली होती.

मुदतींची बाजू त्यामानाने निर्विवाद आहे. तक्रार मिळाल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत वादातील रक्कम तात्पुरती जमा करणे, नव्वद दिवसांत दायित्व ठरवणे आणि दरम्यान क्रेडिट कार्डधारकावर व्याजाचा बोजा पडू न देणे, हे सर्व २०१७ पासून लिखित आहे. यापासून वेगळा मार्ग चार्जबॅकचा: तो व्हिसा, मास्टरकार्डसारख्या कार्ड जाळ्यांच्या आपसातील नियमांचा भाग आहे आणि त्यात रक्कम व्यापाऱ्याच्या बँकेकडून परत मागितली जाते. माल न मिळणे, दोनदा पैसे कापले जाणे अशा तक्रारींसाठी तोच उपयोगी पडतो. दोन्ही मार्ग तक्रार अर्जावर एकाच रकान्यात कोंबले गेल्यामुळे, ग्राहकाने स्वतः केलेल्या पण फसलेल्या खरेदीची तक्रार अनधिकृत व्यवहार म्हणून नोंदली जाते आणि नंतर त्याच कारणाने फेटाळली जाते.

अनोळखी दिसणाऱ्या रकमांपैकी काही व्यापाऱ्याच्या वेगळ्या नोंदणीकृत नावामुळे किंवा विसरलेल्या वर्गणीमुळे असतात. १ ऑक्टोबर २०२१ पासून आवर्ती, म्हणजे ठरावीक काळाने आपोआप होणाऱ्या, वसुलीपूर्वी चोवीस तास आधी सूचना देण्याचा नियम लागू झाल्याने यातील दुसरा प्रकार आटोक्यात आला. २०२० मध्ये ऑनलाइन आणि परदेशी वापर ग्राहकाने स्वतः चालू-बंद करण्याची सोय आली, आणि ऑक्टोबर २०२२ पासून व्यापाऱ्यांना कार्डाचा क्रमांक साठवून ठेवता येईनासा झाला.

परदेशी संकेतस्थळांवरील व्यवहार पडताळणीच्या या रचनेबाहेर राहिले होते, कारण २००९ ची सक्ती देशांतर्गत व्यवहारांपुरती होती; म्हणूनच ओटीपीशिवाय परकीय चलनात पैसे कापल्याच्या तक्रारी सतत येत राहिल्या. सप्टेंबर २०२५ च्या नव्या निर्देशांनी त्यासाठी १ ऑक्टोबर २०२६ ही मुदत घातली. परंतु परदेशी व्यापारी किंवा त्याची बँक पडताळणीची विनंती करील, तेव्हाच ती करण्याचे बंधन कार्ड देणाऱ्या बँकेवर आहे. विनंती न करणाऱ्या व्यापाऱ्यांकडील व्यवहारांत ओटीपीची नोंदच नसते, आणि तेथे ग्राहकाला निष्काळजी ठरवण्यासाठी बँकेकडे निराळा पुरावा असावा लागतो.