लिनक्स कर्नल : योगदानाचे नियम आणि आचारसंहिता

लिनक्स कर्नल हा संगणकाचा प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि जोडलेली उपकरणे यांचा कारभार पाहणारा मुक्त स्रोत प्रोग्रॅम आहे. अँड्रॉइड फोनपासून महासंगणकांपर्यंत तो सगळीकडे चालतो. त्यात बदल कसा सुचवायचा, तो कोणी तपासायचा, कोणाच्या सहीने तो आत घ्यायचा आणि हे करताना एकमेकांशी कसे बोलायचे, याचे नियम कर्नलच्या कोडसोबतच असलेल्या दस्तऐवजांत लिहून ठेवले आहेत. एखाद्या नियमात दुरुस्ती करायची असेल तर तीही कोडमधल्या दुरुस्तीसारखीच पाठवावी लागते, आणि तिचीही तशीच तपासणी होते.

हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी आपण एक ऑपरेटिंग सिस्टिम लिहीत असल्याचे जाहीर केले. पहिल्या परवान्यात पैसे घेऊन वितरण करायला मनाई होती. १९९२ साली त्यांनी तो बदलून जीएनयू जनरल पब्लिक लायसन्स स्वीकारले आणि कोणालाही हे काम वापरण्याची, बदलण्याची, विकण्याची मोकळीक मिळाली. आज एका आवृत्तीत साधारण दोन हजार जण मिळून तेरा-चौदा हजार बदल करतात. त्यांतले बहुतेक जण कंपन्यांचे पगारी अभियंते असतात. हे बदल ओळीओळीने वाचणारे मात्र त्या मानाने फार थोडे. कर्नलचा जवळजवळ प्रत्येक नियम या टंचाईतून आला आहे. वाचणाऱ्याचा वेळ कसा राखायचा, हे या समुदायाने लवकर ठरवले. लिहिणाऱ्याचा मान कसा राखायचा, हे नीट लेखी ठरवायला २०१८ साल उजाडले.

पॅच : कर्नलमधल्या सुचवलेल्या बदलाला पॅच म्हणतात. तो साध्या मजकुराच्या ई-मेलने संबंधित मेंटेनरला, म्हणजे कर्नलच्या त्या भागाच्या राखणदाराला, आणि त्या विषयाच्या मेलिंग लिस्टला, म्हणजे सर्व सभासदांना पत्र पोहोचवणाऱ्या सामायिक पत्त्याला, पाठवतात. फाइल जोडायची नाही, रंगीत किंवा ठळक अक्षरे वापरायची नाहीत. कारण तपासणारा त्याच मजकुरातली एकेक ओळ उचलतो आणि तिच्याखाली आपला शेरा लिहितो. उत्तर देतानाही हाच शिरस्ता पाळायचा: ज्या ओळीबद्दल बोलायचे ती ठेवायची, बाकीचे छाटायचे आणि उत्तर तिच्याखाली लिहायचे. सगळे जुने पत्र खाली लोंबकळत ठेवून वर दोन ओळी लिहिण्याची कचेरीतली सवय इथे चालत नाही.

समजा, एका ड्रायव्हरमध्ये, म्हणजे एखादे उपकरण चालवणाऱ्या कोडमध्ये, चूक सापडली. उपकरण सुरू करताना मेमरी घेतली जाते, पुढची पायरी फसली की फंक्शन (ते काम करणारा कोडचा तुकडा) तिथूनच परत फिरते आणि घेतलेली मेमरी सोडायची राहून जाते. दुरुस्ती एका ओळीची आहे. तरी ती पाठवताना विषयाच्या ओळीत आधी सबसिस्टिमचे (कर्नलच्या त्या विभागाचे) नाव, मग ड्रायव्हरचे, मग काय करायचे ते, आणि हे सगळे ७०-७५ अक्षरांच्या आत. क्रियापद आज्ञार्थी हवे: ‘मेमरी सोडा’, ‘मेमरी सोडली’ नव्हे, जणू आपण कोडलाच सांगतो आहोत. खाली वर्णन येते: काय बिघडते, वापरणाऱ्याला त्याचा त्रास काय, ही दुरुस्ती बरोबर का. ज्या जुन्या बदलामुळे चूक शिरली त्याच्या ओळखखुणेची पहिली १२ अक्षरे ‘फिक्सेस’ या शब्दापुढे लिहितात. चूक दुसऱ्याने कळवली असेल तर ‘रिपोर्टेड-बाय’पुढे त्याचे नाव येते, मग पाठवणाऱ्याची सही. त्यानंतर तीन छोट्या आडव्या रेघा. त्यांच्याखालचा मजकूर कायमच्या इतिहासात जात नाही, म्हणून मागच्या खेपेपेक्षा या खेपेत काय बदलले ते तिथे सांगतात. एका ओळीच्या दुरुस्तीवर पंधरा ओळींचे निवेदन हे कर्नलमध्ये नेहमीचे दृश्य आहे, आणि ते रास्तच आहे. पाच वर्षांनी कोणी ती ओळ काढायला निघाला, तर विचारायला मूळ लेखक सापडेलच असे नाही. निवेदन मात्र सापडते.

एका पॅचमध्ये एकच बदल, हा नवख्यांना सर्वांत जाचणारा नियम. चूक दुरुस्त करता करता शेजारच्या ओळीतली मोकळी जागाही नीटनेटकी करावीशी वाटते, पण तिचा पॅच वेगळा. पॅचची मालिका असेल तर तिच्या प्रत्येक टप्प्यावर कर्नल बांधला गेला पाहिजे, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम तयार झाला पाहिजे, आणि चाललाही पाहिजे. पुढे कधी बिघाड आला तर इतिहास मधोमध कापत, अर्ध्याचे अर्धे करत, तो नेमक्या कोणत्या बदलाने आला ते शोधतात. मधलाच एखादा टप्पा मोडका असेल तर हा शोध तिथेच अडतो.

कोड लिहिण्याची शैलीही ठरलेली आहे. ओळ आत सरकवायची ती टॅबने, आणि टॅब आठ अक्षरांचा. इतक्या रुंद टॅबमुळे तीनपेक्षा जास्त पातळ्या खोल गेलेला कोड पडद्याच्या उजव्या कडेला जाऊन आदळतो. मग फंक्शनच मोडून लहान करणे भाग पडते. ओळ ८० अक्षरांत बसवावी असा संकेत आहे. ‘चेकपॅच’ नावाची तपासणीची स्क्रिप्ट २०२० पासून १०० अक्षरांपर्यंत हरकत घेत नाही. हे नियम कोणाच्या आवडीनिवडीचे वाटतील. पण रोज शेकडो अनोळखी लोकांचा कोड वाचणाऱ्याला तो एकाच हाताने लिहिल्यासारखा दिसला, तर त्याचे लक्ष मांडणीवर न जाता चुकीवर जाते.

मेंटेनर : कर्नलचे शेकडो भाग आहेत आणि त्यांचे राखणदार वेगवेगळे. कोडसोबत ‘मेंटेनर्स’ नावाची एक लांबलचक फाइल असते. तिच्या दोन हजारांहून अधिक नोंदींत प्रत्येक भागाचा मेंटेनर कोण, पॅच कुठे पाठवायचा आणि त्या भागाची स्थिती काय, हे लिहिलेले असते. कोणी पगार घेऊन सांभाळत असेल तर एक शेरा, नुसते सांभाळत असेल तर दुसरा, जमेल तशी डागडुजी होत असेल तर तिसरा. ज्याला कोणीच उरलेले नाही त्या भागापुढे इंग्रजीत चक्क ‘अनाथ’ लिहिलेले असते.

मेंटेनर आपल्या भागातले पॅच गोळा करतो आणि वरच्याकडे देतो. शेवटी ते टोरवाल्ड्स यांच्याकडे पोहोचतात. नवी आवृत्ती निघाली की पुढचे दोन आठवडे नवे बदल आत घेतले जातात. त्यानंतर दर आठवड्याला एक अशा सात-आठ चाचणी आवृत्त्या निघतात आणि त्या काळात फक्त दुरुस्त्या चालतात. नऊ-दहा आठवड्यांनी आवृत्ती तयार होते. एखाद्याची गाडी चुकली तर तो पुढच्या गाडीला थांबतो. पॅच पाठवून उत्तर आले नाही तर निदान एक आठवडा दम धरावा, मगच आठवण करावी, असेही नियमांत आहे.

चालू असलेला कोणाचाही प्रोग्रॅम नव्या कर्नलमुळे बंद पडता कामा नये, हा नियम टोरवाल्ड्स सर्वांत कडकपणे पाळतात. नवा बदल कितीही शुद्ध असो, त्याने वापरणाऱ्याचे काम अडले तर बदल मागे घेतला जातो. आमचे बरोबर आहे, तुमचाच प्रोग्रॅम चुकीचा लिहिला आहे, ही सबब ऐकून घेतली जात नाही.

सही : मार्च २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर दावा लावला. युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमचा आपल्या मालकीचा कोड लिनक्समध्ये घातला गेला, असा तिचा आरोप होता. तेव्हा कोणती ओळ कोणाच्या हातून आली हे दाखवायला मेलिंग लिस्टची जुनी पत्रे उपसावी लागत. म्हणून मे २००४ मध्ये टोरवाल्ड्स यांनी प्रत्येक पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ ही ओळ सुचवली. तिच्यापुढे नाव आणि ई-मेल लिहिणारा एका छोट्या प्रमाणपत्राला बांधला जातो: हे काम माझे आहे, किंवा ते या परवान्याखाली देण्याचा मला हक्क आहे, आणि माझे नाव या नोंदीत कायम राहील हे मला मान्य आहे. वकिलाकडे जायचे नाही, करारपत्र भरायचे नाही. पॅच मेंटेनरकडून मेंटेनरकडे गेला की प्रत्येकाची सही खाली लागत जाते. सातबाऱ्यावर फेरफार चढत जावेत तशी. पूर्वी इथे खरेच नाव लागे. २०२३ पासून समुदायाला ओळखीची असलेली कोणतीही ओळख चालते, निनावी सही मात्र आजही चालत नाही. ही पद्धत पुढे इतर अनेक मुक्त प्रकल्पांनी उचलली.

सहीमागचा विश्वास २०२१ मध्ये पणाला लागला. मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी, मुद्दाम सदोष पॅच पाठवले तर ते तपासणीतून निसटतात का, याचा अभ्यास केल्याचे समोर आले. मेंटेनरांना आधी विचारले नव्हते. एप्रिलमध्ये कर्नलचे एक प्रमुख मेंटेनर ग्रेग क्रोह-हार्टमन यांनी त्या विद्यापीठाकडून येणारे योगदान थांबवले आणि तिथून पूर्वी आलेले १९० बदल मागे घेण्याचा प्रस्ताव मांडला. मग अनेक मेंटेनर ते जुने बदल एकेक करून पुन्हा वाचत बसले. त्यांतले बहुतेक चांगलेच निघाले. संशोधकांनी आपला निबंध मागे घेतला. नियमांतल्या एखाद्या ओळीपेक्षा इथे मोडली ती वाचणाऱ्याची भाबडी वाटणारी पण अत्यावश्यक समजूत: समोरचा चुकेल, पण फसवणार नाही.

आचारसंहिता : पॅच कसा लिहावा यावर इतके बारीक नियम असताना, पॅचवर टीका कशी करावी यावर बरीच वर्षे काहीच लिहिलेले नव्हते. टोरवाल्ड्स यांची शिवराळ पत्रे प्रसिद्ध होती आणि काही जण ती कौतुकाने एकमेकांना दाखवत. जुलै २०१३ मध्ये यूएसबी ३ च्या ड्रायव्हरचे काम पाहणाऱ्या सेज शार्प यांनी मेलिंग लिस्टवरच याला हरकत घेतली. कोड वाईट असेल तर तसे सांगा, माणसावर तुटून पडू नका, असे त्यांचे म्हणणे होते. टोरवाल्ड्स यांनी तेव्हा ते मानले नाही. ऑक्टोबर २०१५ मध्ये आपण कर्नलचे काम का सोडले ते शार्प यांनी जाहीरपणे लिहिले.

त्याच वर्षी मार्चमध्ये ‘कोड ऑफ कॉन्फ्लिक्ट’ नावाचा छोटासा मजकूर कर्नलमध्ये आला होता. तुमच्या कामावर कसून टीका होईल, पण कोणाला व्यक्तिशः अपमान किंवा धमकी सहन करावी लागली तर ते चालणार नाही. तसे झाल्यास लिनक्स फाउंडेशन या कर्नलच्या कामाला आधार देणाऱ्या संस्थेच्या तांत्रिक सल्लागार मंडळाकडे यावे, एवढाच त्याचा सारांश. शीर्षकापासूनच भांडण गृहीत धरणारा हा मजकूर तोकडा होता. तक्रारीचे पुढे काय होणार, हे त्यात नव्हते.

१६ सप्टेंबर २०१८ रोजी कर्नल ४.१९ ची चौथी चाचणी आवृत्ती जाहीर करणाऱ्या पत्रात टोरवाल्ड्स यांनी माफी मागितली. आपल्या वागण्याने लोक दुखावले आणि कदाचित काही जण कर्नल सोडूनही गेले, हे त्यांनी मान्य केले आणि लोकांच्या भावना समजून घेण्यासाठी मदत घेणार असल्याचे सांगून सुट्टी घेतली. ४.१९ ची अंतिम आवृत्ती २२ ऑक्टोबरला क्रोह-हार्टमन यांनी काढली. सप्टेंबरमध्ये, माफीच्या सुमारासच, जुना मजकूर जाऊन त्या जागी कोरालीन एडा एमकी यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या ‘कॉन्ट्रिब्युटर कॉव्हेनंट’ या मुक्त प्रकल्पांसाठीच्या नमुना आचारसंहितेच्या १.४ आवृत्तीवर बेतलेली आचारसंहिता आली. वय, लिंग, वंश, धर्म, अनुभव काहीही असो, कोणाला छळ सोसावा लागणार नाही, हे तिचे मुख्य वचन. तांत्रिक परखडपणाच आता मरेल, अशी भीती काहींनी व्यक्त केली. ऑक्टोबरमध्ये अर्थ स्पष्ट करणारा जोडदस्तऐवज आला. मेंटेनरांनी मदतीची तयारी ठेवावी, अडल्यास मंडळाकडे जावे, असे त्यात म्हटले होते. आचारसंहितेच्या तक्रारी पाहणाऱ्या समितीला मध्यस्थ म्हणून, मुक्त सॉफ्टवेअरच्या कायदेविषयक कामासाठी ओळखल्या जाणाऱ्या वकील मिशी चौधरी यांचे नाव जोडले गेले.  वाईट पॅच आजही परत जातात, फक्त परत पाठवणाऱ्याला कारण कोडमध्ये दाखवावे लागते.

नियमाला दात आहेत का, या प्रश्नाचे उत्तर नोव्हेंबर २०२४ मध्ये मिळाले. बीकॅशएफएस या फाइल सिस्टिमच्या (डिस्कवर फाइल मांडून ठेवणाऱ्या कोडच्या) मुख्य लेखकाने दुसऱ्या विकासकाला अपमानास्पद भाषेत लिहिले होते. समितीने जाहीर माफीची अपेक्षा केली, ती आली नाही, आणि ६.१३ आवृत्तीच्या विकासकाळापुरता त्याचा सहभाग रोखण्यात आला. अशा बंदीला सल्लागार मंडळाची दोन-तृतीयांश मते लागतात. काम कितीही मोलाचे असले तरी नियम लागू होतो, हे त्यातून प्रथमच इतक्या उघडपणे दिसले.

मराठी घरात वाढलेल्या अभियंत्याला इथे एक वेगळीच अडचण येते. वडीलधाऱ्यांना उलट विचारू नये हे अंगात मुरलेले असते, आणि तीस वर्षे हेच काम करणाऱ्या मेंटेनरचा शेरा चुकीचा वाटला तरी ‘बरं, बदलतो’ असे लिहून मोकळे व्हावेसे वाटते. कर्नलच्या रीतीत ते सौजन्य धरले जात नाही. प्रत्येक शेऱ्याला उत्तर देणे बंधनकारक आहे: पटले तर बदला, पटले नाही तर का ते सांगा. न पटताच केलेला बदल पुढच्या वाचणाऱ्याची दिशाभूल करतो. ज्या इंग्रजीत हा व्यवहार चालतो तिच्यात अहो-जाहो नाही. त्यामुळे ‘हे चूक आहे’ एवढेच कोरडे वाक्य आले की ते आपल्याला उद्धट वाटते, लिहिणाऱ्याच्या मनात मात्र बहुधा तसे काही नसते.

पॅच दुसऱ्या-तिसऱ्या खेपेत नीट झाला की मेंटेनरकडून दोनच शब्दांचे उत्तर येते: ‘अप्लाइड, थँक्स.’ लेखकाच्या सहीखाली मेंटेनरची सही लागते. मध्ये कोणी वाचून पाहिला असेल तर ‘रिव्ह्यूड-बाय’, स्वतःच्या यंत्रावर चालवून पाहिला असेल तर ‘टेस्टेड-बाय’ असे त्याचेही नाव लागते, आणि सोडायची राहिलेली ती मेमरी पुढच्या आवृत्तीपासून सोडली जाऊ लागते.