दोन थरांवरून ओळखू नका

बारावीच्या मुलांची शिकवणी घेताना दरवर्षी तोच प्रश्न येतो: ‘सर, एचसीपी आणि सीसीपीमध्ये जास्त घट्ट कोणती?’ धातूत अणू गोळ्यांसारखे थरावर थर रचले जातात, त्याच्या या दोन रचना: एचसीपी म्हणजे षटकोनी घट्ट रचना, सीसीपी म्हणजे घनाकृती घट्ट रचना. जास्त घट्ट कुठलीच नाही. दोन्हींत 74 टक्के जागा भरते, दोन्हींत प्रत्येक अणूला 12 शेजारी: सहा स्वतःच्या थरातले, तीन वरचे, तीन खालचे. बीसीसी (घनाच्या कोपऱ्यांवर आणि मधोमध अणू) 68 टक्क्यांवरच थांबते, तिचा या भांडणाशी संबंध नाही. एफसीसी म्हणजे घनाच्या आठही कोपऱ्यांवर आणि सहाही पृष्ठांच्या मधोमध अणू; ती पुढे लागेल, पण तिचा घन इथे काढत बसत नाही.

सगळी मेख तिसऱ्या थरात आहे. पहिल्या थरावर (अ) गोळ्यांच्या दुप्पट खळगे असतात. दुसरा थर (ब) त्यातले निम्मेच वापरतो, कारण लगतच्या खळग्यात गोळा मावतच नाही. आता तिसरा थर पहिल्याच्या बरोब्बर डोक्यावर बसला, तर अबअब, म्हणजे एचसीपी. पहिल्या थरातले जे खळगे रिकामे राहिले, त्यांच्या वर बसला, तर तो वेगळाच थर (क), आणि रचना अबकअबक, म्हणजे सीसीपी. दोनच थर पाहून कोणती रचना हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. तरी दोन थरांचं चित्र काढून ‘ओळखा’ म्हणणारे आहेतच!

आणि सीसीपी म्हणजेच एफसीसी. पहिलं नाव थर कसे रचले ते सांगतं, दुसरं घन कसा दिसतो ते. ‘पण थरांत घन कुठे आहे?’ घन कोपऱ्यावर उभा करा. वरच्या कोपऱ्यापासून खालच्या कोपऱ्यापर्यंत जाणाऱ्या कर्णाला काटकोनात जे थर येतात, ते हे. दादरच्या फळवाल्याचा मोसंब्यांचा मनोरा बघा. तळ चौकोनी, म्हणून मुलं त्याला तिसरीच रचना समजतात. अरे, उतरत्या बाजूवर नजर टाका: तिथल्या मधल्या मोसंब्याला त्याच बाजूवरची सहा मोसंबी चिकटलेली दिसतील. एफसीसीच ती, फक्त घनाच्या पृष्ठावर बसलेली.

सीसीपीत असे घट्ट थर चार दिशांना सापडतात, एचसीपीत एकाच. थरावरून थर घसरतो तेव्हा धातू वाकतो, पसरतो. चांदी एफसीसी, तिचा ठोकून ठोकून वर्ख होतो. मॅग्नेशियम एचसीपी, त्याचा पत्रा थंड लाटला तर लवकर तडे जातात, म्हणून तो तापवून लाटतात. कोबाल्टची तर गंमतच: नेहमीच्या तापमानाला एचसीपी, सुमारे 420 अंश सेल्सिअसच्या वर एफसीसी. अणू तेच, शेजारी बाराच.